हातात पुस्तक नाही, लिपी ओळखीची नाही, तरीही गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकले, ते कसे?

कळमनुरी असो, वसमत असो की सेनगाव, कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये आज एखादा कोरियन ड्रामा हमखास सापडतो. आधी सबटायटल वाचून पाहणं होतं, मग दोनचार शब्द तोंडात बसतात आणि एक दिवस वाटतं, आपण ही भाषाच शिकू. इथंच गाडी अडते. कोणतं पुस्तक घ्यायचं? कोणतं ॲप? युट्यूबवर शेकड्यानं व्हिडिओ आहेत, फुकटच्या पीडीएफची तर गणतीच नाही. बरेच जण सगळं डाउनलोड करतात, पंधरा दिवस नेटानं बसतात आणि मग सोडून देतात.

आता याच्या बरोबर उलटी परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. भाषा शिकायची इच्छा आहे, पण त्या भाषेचं एकही पुस्तक आपल्या लिपीत हाताशी नाही. शिकवणारा कोण, तो कोणत्या देशात आहे, याचाही पत्ता नाही. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी येत नाही. घरी बायको आणि तान्ही मुलगी आहे.

१८९९ साली गोव्यातल्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाची हीच अवस्था होती. त्याचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी. पुढे हाच माणूस पाली भाषेचा जागतिक कीर्तीचा पंडित झाला, हार्वर्ड विद्यापीठाचं बोलावणं त्याला चार वेळा आलं आणि मराठी माणसाला मराठीतून बुद्ध वाचता आला त्यातही त्याचा मोठा वाटा राहिला.

नारळाची बाग आणि एक मासिक

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या साष्टी भागातल्या सांखवाळ गावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरची परिस्थिती बेताची. गावात मराठी शिक्षणाची धड सोय नव्हती आणि त्यात यांची तब्येतही नाजूक. त्यामुळे शाळा जेमतेमच झाली. घरच्या नारळाच्या बागेची देखभाल करायची आणि मिळेल ते मराठी पुस्तक, मासिक वाचून काढायचं, असा दिनक्रम होता. सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांचं लग्नही झालं. पत्नीचं नाव बाळाबाई.

१८९७ च्या सुमारास त्यांच्या हाती 'बालबोधमेवा' हे लहान मुलांचं मासिक पडलं. त्यात बुद्धाची ओळख करून देणारा एक लेख होता. लेख मुलांसाठी, साध्या भाषेतला, पण या वाचकाला त्यानं पुरतं पकडलं. नंतर बुद्धाच्या चरित्राचं एक मराठी पुस्तकही मिळालं आणि ते पारायणासारखं वाचून झालं. घरातल्या अडचणी, आजारपण, कर्ज अशा कटकटींत मनाला आधार देणारं काहीतरी सापडलं होतं.

पण मराठीत असलेला मजकूर लवकरच संपला. बुद्धानं नेमकं काय सांगितलं हे मुळातून कळलं पाहिजे, असं त्यांना वाटू लागलं. मुळातून म्हणजे कोणत्या भाषेतून? यांचा अंदाज होता, संस्कृत. त्यामुळे आधी संस्कृत शिकायचं, मग बौद्ध धर्म जिथं जिवंत आहे तिथं जायचं, असा बेत ठरला.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मुलगी माणिक तेव्हा अगदी लहान होती. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे मोठ्या कौतुकानं सांगितल्या जातात. मागे राहिलेल्या बाईचं काय झालं, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. बाळाबाईंनी पुढची जवळपास सात वर्षं नवऱ्याशिवाय, माहेरच्यांच्या आधारानं काढली. पुढचं सगळं वाचताना ही बाजूही लक्षात ठेवावी लागते.

पुणे, काशी, नेपाळ: चुकत गेलेले पत्ते

धर्मानंद पहिल्यांदा पुण्यात आले. तिथे संस्कृतचे मोठे विद्वान डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्यांनी या परक्या तरुणाला मदत केली आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींशीही ओळखी झाल्या. पण रीतसर संस्कृत शिकायचं तर काशी गाठावी लागणार होती. ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोचले.

काशीत राहणं सोपं नव्हतं. अन्नछत्रात जेवायचं, मिळेल तिथं पडायचं आणि दिवसभर व्याकरण घोकायचं. हे जवळपास दोन वर्षं चाललं. पुढे पाली शिकताना हेच संस्कृत त्यांच्या कामी आलं, कारण दोन्ही भाषांचं नातं जवळचं आहे. संस्कृतातला 'धर्म' पालीत 'धम्म' होतो, 'कर्म' 'कम्म' होतं, 'निर्वाण' 'निब्बान' होतं. असे नियम एकदा लक्षात आले की निम्मे शब्द ओळखीचे वाटू लागतात.

पण काशीत बौद्ध ग्रंथ शिकवणारं कोण होतं? कोणीच नाही. म्हणून १९०२ च्या सुरुवातीला एका सोबत्याबरोबर त्यांनी नेपाळचा रस्ता धरला. बुद्धाचा जन्म त्याच बाजूचा, म्हणजे तिथे बौद्ध विद्या टिकून असणार, असा हिशेब होता. डोंगर चढून काठमांडूला पोचल्यावर निराशाच पदरी आली. ज्या शिक्षणाच्या शोधात ते निघाले होते, ते तिथं मिळणार नव्हतं.

परतताना ते बोधगयेला गेले आणि तिथे खरा पत्ता मिळाला. एका भिक्खूकडून त्यांना कळलं, की बौद्ध ग्रंथ मुळातून वाचायचे असतील तर सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जावं लागेल, आणि ते ग्रंथ पाली भाषेत आहेत.

घर सोडून दोन वर्षं उलटून गेली होती. आपल्याला नेमकी कोणती भाषा शिकायची आहे आणि ती कुठे शिकता येईल, हे त्यांना आत्ता कुठे नीट कळत होतं.

पुस्तकं होती, मग अडचण काय होती?

तोपर्यंत पालीवर जगात काहीच काम झालं नव्हतं असं नाही. रॉबर्ट चिल्डर्स यांचा पाली-इंग्रजी कोश १८७० च्या दशकातच छापून झाला होता. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी काढली होती आणि ती एकेक ग्रंथ छापत होती. पण हे ग्रंथ रोमन लिपीत होते, त्यांची प्रस्तावना आणि टिपा इंग्रजीत. इंग्रजी न येणाऱ्या गोव्याच्या तरुणाला त्यांचा उपयोग शून्य.

दुसरी अडचण याहून मोठी होती. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. हे ग्रंथ कैक शतकं भिक्खूंनी तोंडपाठ ठेवून जपले. श्रीलंकेत इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात ते लिहून काढले गेले, असं परंपरा सांगते. पुढे हा धर्म ज्या देशात रुजला तिथल्या लिपीत पाली लिहिली गेली. श्रीलंकेत सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी माणसाच्या लिपीत, सयाममध्ये थाई लिपीत. भाषा एकच, पण दिसायला प्रत्येक ठिकाणी वेगळी. देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसासाठी यातलं काहीच सोयीचं नव्हतं. बुद्ध आपल्या देशातला असला तरी त्याचे शब्द वाचायला परदेशी अक्षरं गिरवण्यावाचून उपाय नव्हता.

विद्योदयमध्ये पहिला धडा

कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीनं धर्मानंद १९०२ मध्येच सिलोनला पोचले. कोलंबोत विद्योदय नावाचं मोठं बौद्ध विद्यालय होतं आणि त्याचे प्रमुख होते सुमंगल महास्थविर. त्यांच्या हाताखाली धर्मानंद श्रामणेर झाले आणि पालीचा अभ्यास सुरू झाला.

त्यांना सगळ्यात आधी सिंहली अक्षरं शिकावी लागली. गोल गोल वळणांची ही लिपी बसल्याशिवाय पुस्तक उघडून उपयोगच नव्हता. पुढची वाट मात्र ओळखीची होती. संस्कृत शिकताना जसं व्याकरणाची सूत्रं आणि अमरकोश पाठ करतात, तशीच पालीचीही परंपरा आहे. कच्चायनाचं व्याकरण आहे आणि अमरकोशाच्या धर्तीवर रचलेला 'अभिधानप्पदीपिका' हा शब्दकोशही आहे. काशीतली घोकंपट्टी वाया गेली नव्हती, ती इथं फळाला आली.

गुरू समोर, ग्रंथ हातात आणि आजूबाजूला तेच शब्द रोज म्हणणारी माणसं, असं सगळं एकत्र त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. पण सिलोनचं हवापाणी आणि जेवण त्यांना मानवलं नाही. वर्षभरातच तब्येतीनं हात टेकले आणि ते मद्रासला परतले.

तिथून ब्रह्मदेश गाठला. पुन्हा नवा देश, पुन्हा नवी लिपी. ब्रह्मी अक्षरं शिकून झाल्यावर तिथल्या ग्रंथांचं दार उघडलं. ज्ञानतिलोक या जर्मन भिक्खूंबरोबर सगाईंगच्या डोंगरात राहून त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला. मध्ये काही काळ ते भारतात येऊन सारनाथ, कुशिनगर अशा बुद्धाच्या जागी पायी फिरले. १९०६ मध्ये ते कायमचे परतले, तेव्हा पाली ग्रंथ मुळातून वाचणारे जे मोजके भारतीय होते, त्यांत त्यांची गणना होऊ लागली.

पगार सोडला, पन्नास रुपये घेतले

परतल्यावर कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. घरच्यांशी पुन्हा गाठ पडली, संसार पुन्हा सुरू झाला. ३१ जुलै १९०७ ला मुलगा झाला, दामोदर. हेच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून गाजलेले डी. डी. कोसंबी.

नोकरी चांगली होती, पण धर्मानंदांना सलत होतं ते वेगळंच. आपण जे एवढ्या हालांनी मिळवलं ते मराठी माणसापर्यंत पोचायला हवं आणि त्यासाठी महाराष्ट्रात राहायला हवं. तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढे आले. महाराष्ट्रात राहून काम करायचं या अटीवर त्यांनी दरमहा ५० रुपये द्यायचं कबूल केलं. धर्मानंदांनी कलकत्त्याची नोकरी सोडली आणि ते पन्नास रुपये पत्करले.

बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून 'बुद्ध, धर्म आणि संघ' हे पुस्तक १९१० मध्ये आलं. 'बालबोधमेवा'तला लेख संपल्यावर पुढे काय वाचायचं, हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला होता. त्याचं उत्तर आता ते स्वतःच लिहीत होते.

हार्वर्डचं बोलावणं

याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले होते. धर्मानंदांशी त्यांची ओळख झाली आणि त्यातून अमेरिकेचं बोलावणं आलं.

काम अवघड होतं. पाचव्या शतकात बुद्धघोष आचार्यांनी सिलोनमध्ये 'विसुद्धिमग्ग' हा मोठा ग्रंथ लिहिला. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकानं त्याचं संपादन हाती घेतलं होतं, पण १८९९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिलं. वेगवेगळ्या लिपींतल्या हस्तलिखितांचा मेळ घालून ते पूर्ण करायला कोसंबींसारखाच माणूस हवा होता. सिंहली आणि ब्रह्मी या दोन्ही लिप्या ते वाचत होते आणि ग्रंथाची परंपरा थेट भिक्खूंकडून शिकले होते. १९१० मध्ये ते हार्वर्डला गेले.

तिथे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मात्र त्यांचं बिनसलं. संपादनाचं श्रेय कोणाला, हा वादाचा मुद्दा होता. जिथं आपलं नाव लपवलं जाईल तिथं राहायचं नाही म्हणून १९१२ मध्ये ते परतले. काम मात्र त्यांनी टाकलं नाही. १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि १९३१-३२ अशा आणखी तीन खेपा त्यांनी केल्या. हार्वर्डची ही आवृत्ती छापून आली ती थेट १९५० मध्ये. तिच्यावर वॉरन आणि कोसंबी ही दोन्ही नावं आहेत. ती पाहायला कोसंबी हयात नव्हते.

फर्ग्युसनचा वर्ग

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षं कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पाली विषय यावा यासाठीही त्यांनी खटपट केली आणि त्याला भांडारकरांचं पाठबळ मिळालं.

त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पाहिली तर या वर्गाचं वजन कळतं. चिं. वि. राजवाडे यांनी 'दीघनिकाय' मराठीत आणला. पु. वि. बापट यांनी 'सुत्तनिपात' देवनागरीत संपादित करून छापला. ना. के. भागवत यांनीही पाली ग्रंथ देवनागरीत आणण्याचं काम केलं. गुरूला जी अक्षरं समुद्र ओलांडून शिकावी लागली, ती शिकायची सक्ती पुढच्या मुलांवर राहिली नाही. आपल्याच लिपीतलं पाठ्यपुस्तक त्यांच्या हाती आलं.

स्वतः कोसंबींनी 'बुद्धलीलासारसंग्रह', 'समाधिमार्ग', 'बौद्धसंघाचा परिचय' अशी पुस्तकं मराठीत लिहिली. त्यांचं 'भगवान बुद्ध' तर आजही वाचलं जातं. १९२४ मध्ये आलेल्या 'निवेदन' या आत्मचरित्रात त्यांनी हा सगळा प्रवास सांगितला आहे. त्यांची नात आणि समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो २०११ मध्ये प्रकाशित झाला.

पुस्तकांपुरतं आयुष्य मर्यादित ठेवणाऱ्यांतले ते नव्हते. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. १९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला, तोही त्यांच्याच पुढाकारानं. अखेरच्या काळात तब्येत पार खालावली, तेव्हा आपलं काम संपलं असं मानून त्यांनी अन्न सोडलं. जून १९४७ मध्ये, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचं निधन झालं.

हिंगोलीपर्यंत काय पोचलं?

नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबासाहेबांनी स्वतःही पालीचा अभ्यास केला होता. त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश आणि व्याकरण त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात छापलं आहे. त्याच वर्षी, १९५६ मध्ये, भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदाहून संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत छापायला सुरुवात झाली आणि पुढच्या पाचेक वर्षांत ४१ खंड तयार झाले.

आज हिंगोली जिल्ह्यातल्या विहारांत लहान मुलं त्रिशरण, पंचशील म्हणतात ते पालीत, आणि ते छापलेलं असतं देवनागरीत. त्या पानामागे कोलंबोत सिंहली अक्षरं गिरवणाऱ्या एका तरुणाचेही कष्ट आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात पालीलाही तो मिळाला.

तसं पाहिलं तर भाषेची वेस ओलांडणं या मातीला नवं नाही. याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. नामदेव पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत.

मग कोरियन शिकणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट लिपीची. कोसंबींना पालीसाठी एकापाठोपाठ एक परकी लिपी शिकावी लागली. कोरियन शिकणाऱ्याला एकच शिकायची आहे, हंगुल. राजा सेजोंगनं पंधराव्या शतकात ती तयार करून घेतली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली, तीच मुळी सामान्य माणसाला पटकन वाचता यावं म्हणून. तिच्यात मूळ अक्षरं २४, म्हणजे १४ व्यंजनं आणि १० स्वर. नेटानं बसलं तर काही दिवसांत ती वाचता येते. त्यामुळे इंग्रजी अक्षरांत कोरियन लिहिलेलं पुस्तक स्वस्त मिळालं तरी टाळावं. त्यानं उच्चार बिघडतात आणि खऱ्या मजकुराशी गाठच पडत नाही.

दुसरी गोष्ट आधीच्या शिदोरीची. कोसंबींना संस्कृतनं हात दिला, तसा इथं मराठी देते. कोरियन वाक्यातही क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मराठीसारखे प्रत्यय लागतात. समोरचा मोठा की लहान हे पाहून बोलण्याची रीत बदलते, आपल्या तू आणि तुम्हीसारखी. जे इंग्रजी पुस्तक समजावताना पानंच्या पानं खर्च करतं, ते मराठी माणसाला चार उदाहरणांत कळू शकतं.

तिसरी गोष्ट निवडीची. नवशिक्यानं पायरीपायरीनं जाणारं एकच मुख्य पुस्तक धरावं. त्याच्यासोबत ऑडिओ असावा आणि सरावाचे प्रश्न व त्यांची उत्तरं असावीत. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे धडे ऑनलाइन फुकट मिळतात. टोपिक ही सहा पातळ्यांची परीक्षा डोळ्यांसमोर ठेवली तर आपण कुठे आहोत हे मोजता येतं. ॲप आणि ड्रामा जोडीला असावेत, शिकण्याचा सगळा भार त्यांच्यावर टाकू नये.

आणि चूक झाली तर? नेपाळचा रस्ता चुकीचा निघाला म्हणून कोसंबी गोव्याला परतले नाहीत. त्यांनी बोधगयेत विचारपूस केली आणि पुढचं जहाज पकडलं. एक पुस्तक जमलं नाही तर ते बाजूला ठेवून, जाणकाराला विचारून दुसरं घ्यायला काहीच हरकत नाही. नाहीतरी आज त्यासाठी कोलंबो गाठावं लागत नाही.